उपवासात काढलेलं जंगल

चार दिवसांसाठी गेलो आणि पाच दिवस राहून आलो. एक दिवस का वाढला ते घरात प्रत्येकजण वेगळं सांगतो. भाऊ म्हणतात बाईंच्या हट्टानं, भाभी म्हणतात थंडीनं. मी तिथं होते, म्हणून लिहून ठेवते. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी ज्यानं ते गाव पाहिलं नाही त्याला कळेल असं लिहिते, कारण काही वर्षांनी मीच ते पाहिलं नसल्यासारखी होईन.

माझं माहेर शिंदखेड्याकडचं. जळगावला मेहरूणमध्ये एका मारवाडी जैन घरी एकवीस वर्षं स्वयंपाक करते. घरातल्या मोठ्या बाईंना त्यांचा मुलगा बाई म्हणतो, सून बाई म्हणते, म्हणून मीही बाई म्हणते. मुलगा म्हणजे भाऊ. सून म्हणजे भाभी. बाई सत्तरीच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना सगळं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की ते काढून ठेवावं असं त्यांच्या मनानं घेतलं. ड्रॉइंगचे एक रिटायर सर दर बुधवारी घरी येऊन त्यांना पाण्याचे रंग शिकवतात.

बाईंचे ब्रश नायलॉनचे आहेत. जनावराच्या केसांचा ब्रश त्या हातात धरत नाहीत. काही रंगांत मध घालतात असं सरांनी सांगितल्यावर बिनमधाचे रंग मिळेपर्यंत त्यांनी दोन महिने नुसती पेन्सिल चालवली. रंगाला पाणी लागतं तेही गाळलेलं आणि उकळलेलं. ब्रशचं टोक बारीक करायला त्या तो ओठांत धरून ओढतात. ही सवय सोडा असं सर तीन वर्षं सांगतायत.

आता जायचं कारण. भाऊंनी नवीन घर बांधलं. पुढच्या बुधवारी वास्तू होती. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीसाठी भाभींनी मोबाइलवरून एक मोठं छापील चित्र मागवलं होतं. हिवाळ्यातलं जंगल, झाडांवर बर्फ, जमिनीवर बर्फ. ते येऊन सोफ्याच्या मागं कागदात उभं होतं. बाई म्हणाल्या की आपल्या घरात बर्फ फक्त फ्रिजमध्ये होतो, हिवाळ्याचं जंगल लावायचं तर आपल्याकडचं लावू, मी काढते. भाभी कधी नाही म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "वास्तूच्या आधी तुमचं झालं तर तुमचंच लावू, बाई." भाभींच्या बोलण्यात याला नाही म्हणतात.

सरांनी सांगितलं की फोटोवरून काढू नका, जाऊन बसा. थंडीत सूर्य मावळण्याआधी झाडावर जो उजेड येतो तो फोटोत सापडत नाही. फ्रेमवाल्याला एक दिवस हवा होता. म्हणजे गुरुवारी जायचं, चित्र काढायचं आणि रविवारी सकाळी परत. मी बरोबर जायचं ते स्वयंपाकाला.

गुरुवार

चोपड्यावरून शिरपूर, तिथून डोंगराकडे. भाऊंच्या दुकानात दर हिवाळ्यात डिंक आणि चारोळी घेऊन येणारे रायसिंगनाना पायथ्याच्या एका गावात राहतात. त्यांच्याकडेच उतरायचं होतं. नाना साठीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांच्या बायको भुरीबाई दोघांचंही बोलून घेतात. आपसात त्यांची पावरी बोली. माझ्याशी मात्र दोघं अहिराणी बोलले. मला बरं वाटलं, कारण जळगावला मी अहिराणी फक्त मनात बोलते.

नानांनी घरकुलाची नवी खोली आमच्यासाठी रिकामी केली होती. आदल्या दिवसापर्यंत तिथं शेळ्यांचा चारा होता. शेळ्या तीन दिवस दारातून आत बघून जायच्या.

मी आधी चूल लावली आणि बाईंचं पाणी उकळायला ठेवलं. एक हंडा पिण्याचा, एक रंगाचा. रंगाचं पाणी कशाला उकळायचं, असं भुरीबाईंनी विचारलं. पाण्यात जीव असतात, असं मी सांगितलं. त्या चुलीत काटकी सारत म्हणाल्या, "पानीमा जीव ऱ्हातस, मंग कागदवर काढेल झाडमा बी ऱ्हातीन का?"

मी हे बाईंना विचारलं नाही.

गावाच्या मागं नाला आहे. नाल्यापलीकडे जंगल चढत जातं. हिवाळ्यात ते हिरवं नसतं, हे मला माहीत होतं, पण किती रंगांचं असतं ते माहीत नव्हतं. सागाची पानं तपकिरी होऊन खाली पडलेली, त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. गवत वाळून पिवळं. आणि त्या सगळ्यात एक झाड पांढरं. एकही पान नाही, गुळगुळीत खोड, हात वर केल्यासारख्या फांद्या. त्याला भुत्या म्हणतात. नाना त्याचाच डिंक काढतात. बाई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि हेच, असं म्हणाल्या.

नानांनी विचारलं, "बाई, बठ्ठं जंगल सोडीसन हाऊ भुत्याच का बरं?" बठ्ठं म्हणजे सगळं.

बाई म्हणाल्या, "भिंतीवर बर्फ येणार होतं. पांढरं काहीतरी हवं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बाई सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. घरी पंचांगात वेळ बघतात. इथं पश्चिमेला डोंगर आडवा असल्यामुळे सूर्य पंचांगाच्या वीस मिनिटं आधीच जात होता. कोणती वेळ धरायची, यावर बाईंनी जरा विचार केला आणि डोळ्यांना दिसतं ते धरायचं ठरवलं. भुत्याच्या शेंड्याच्या फांदीवरून उजेड गेला की मावळला. बाईंना लांबचं दिसतं, पण चित्रात मान खाली असते. म्हणून फांदीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी हो म्हणाले. मला नाही म्हणता येत नाही, तो वेगळा विषय आहे.

शुक्रवार

सकाळी धुकं होतं. नाला दिसत नव्हता, शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. बाईंना हे जंगल पाहिजे होतं, पण गवतावर दव होतं आणि दव वाळेपर्यंत बाई गवतावर पाय देत नाहीत. मग त्यांनी ओट्यावर बसूनच जाड कागदावर आभाळाचा रंग फिरवला. थंडीत तो वाळेना. अर्धा तास झाला तरी कागद ओला. भुरीबाईंना वाटलं मदत करावी, म्हणून आमचं लक्ष नसताना त्यांनी कागद उचलून चुलीजवळ उभा केला. आभाळ वाळलं. वर राख बसली आणि कागद पन्हाळीसारखा वळला.

बाईंनी तो दोन्ही हातांत धरून बघितला. म्हणाल्या, धुकं बरं आलंय. मग तो माझ्याकडे देऊन चुलीत घाल म्हणाल्या. मागची बाजू कोरी होती. मी तो चुलीत घातला नाही, पिठाच्या डब्याखाली सपाट करायला ठेवला.

दव वाळायला साडेदहा झाले. त्यानंतरचं जंगल म्हणजे नुसतं ऊन. सावली झाडाच्या पायाशी गोळा झालेली, सगळं एकाच रंगाचं. बाईंनी दुपारभर काढलं. तीन वाजता मी चहा नेला तेव्हा कागदावर झाडं होती, पण ती एसटीची वाट बघत उभी असल्यासारखी दिसत होती. बाईंनी स्वतःच तो कागद उलटा ठेवला.

पाच वाजता मी पानं घेतली. फुलके, मुगाची डाळ, गट्ट्याची भाजी. बाई ओट्यावर जेवायला बसल्या आणि त्याच वेळी तो उजेड आला. आधी गवत पेटल्यासारखं झालं, मग सागाची खोडं तांबूस झाली. मग भुत्या. तो पांढरा राहिला नाही, आतून दिवा लावल्यासारखा झाला. खालून सावली चढत होती आणि उजेड वर वर सरकत होता, खोडावरून फांदीवर, फांदीवरून शेंड्यावर. सगळं मिळून वीस मिनिटं. बाईंनी ते हातात फुलका धरून बघितलं. जेवण अर्धं टाकून उठता येत नाही, नंतर जेवता येत नाही. उजेड गेला तेव्हा फुलका तसाच हातात होता.

"गेला," मी हळूच म्हणाले.

"दिसलं," बाई म्हणाल्या.

सकाळ दवात जाते, संध्याकाळ ताटात जाते. उरते ती दुपार, आणि दुपारच्या जंगलाची काय अवस्था होते ते कागदावर होतंच. भाभींचं बर्फ सोफ्याच्या मागं तयार उभं होतं.

अंधार पडल्यावर भुरीबाईंनी मला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. मक्याची भाकरी आणि लसूण-मिरचीची घट्ट उडदाची डाळ. मी पाचला बाईंबरोबर जेवले होते, तरी जेवले. जळगावला कांदा-लसणाचा वास लागू नये म्हणून मी कामावर येताना दोनदा हात धुते. तिथं कुणी वास घेणारं नव्हतं. भुरीबाईंनी विचारलं की तू काढत नाहीस का. दारात रांगोळी काढते, म्हणाले. "मंग तेच शे ना व," त्या म्हणाल्या. "कसाले लाजस?" मी डाळ वाढून घेतली.

शनिवार

सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा बाई म्हणाल्या, "माझं काही करू नको. आज उपवास."

मी विचारलं, आज कोणती तिथी.

"तिथी नाही. उपवास केला की पाचला जेवायला लागत नाही."

बाईंचा उपवास म्हणजे साबुदाणा नाही. दिवसभर फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. सत्तर वर्षांच्या बाईनं चित्रासाठी उपवास धरावा की नाही, हे मला कळत नाही. त्यांनी दुपारी मला विचारलं असतं तर मी काही बोलले नसते, त्यामुळे त्यांनी विचारलं नाही.

दुपारी त्यांनी नवा कागद बोर्डाला लावला. मागचं जंगल, गवत, नाल्याची ओळ असं सगळं करून घेतलं. मध्ये भुत्याच्या आकाराची कोरी जागा सोडली. मला म्हणाल्या, बघ, यात पांढरा रंग द्यायचा नसतो, ठेवायचा असतो. रांगोळीत आपण पांढरं घालतो. इथं त्याच्याभोवती सगळं घालायचं आणि त्याला हात लावायचा नाही. मला हे पटलं. मी घरात तशीच राहते.

साडेचारपासून आम्ही बसलो. बाई खुर्चीवर, मी त्यांच्या मागं दगडावर, माझं लक्ष शेंड्याच्या फांदीवर. नाना जरा लांब बिडी विझवून बसले. उजेड आला. बाईंनी खोडाच्या उजव्या बाजूला पिवळा-तांबडा रंग अगदी पातळ फिरवला आणि तो कागदावर उतरला. खरंच उतरला. मला ते बघवेना, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

दुसरीकडे म्हणजे माझ्या मांडीवर. राख बसलेला कागद मी बरोबर आणला होता, कोरी बाजू वर करून. बाईंचा एक जुना ब्रश होता, ताटलीच्या कडेला उरलेले रंग होते. भुरीबाईंचं बोलणं डोक्यात होतं. मी झाड काढायला लागले. भुत्याची जागा पांढरी ठेवली, भोवती गवत घातलं. मग वर बघितलं तर समोरचं झाड पांढरं राहिलं नव्हतं. राखेच्या रंगाचं झालं होतं, खालपासून शेंड्यापर्यंत. म्हणून मी ठेवलेल्या पांढऱ्यावर राखेचं पाणी फिरवलं. दिसत होतं तसं काढलं. त्याचा अर्थ काय, ते हात थांबल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्याच वेळी बाईंनी शेंड्याच्या बारीक फांद्या काढायला ब्रश पाण्यात बुडवला, ओठांत धरून टोक काढलं आणि विचारलं, "सुमन, किती राहिलाय?"

माझ्या तोंडून शब्द येईना. फांदीवर लक्ष ठेवायचं एवढंच माझं काम होतं. खोटं बोलायचं असतं तर तेही बोलावंच लागलं असतं. मी उठून बाईंच्या पुढ्यात माझा कागद धरला.

बाईंनी कागद बघितला. मग झाड बघितलं. मग पुन्हा कागद. दोन्ही सारखेच होते, कुठंही उजेड नव्हता. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पदरानं ओठ पुसले.

नानांना गोष्ट कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी बाईंची बाजू घेतली. "डोंगरना मांगे गया, बुडना नही," ते म्हणाले. "घडी दखा. आजून टाइम शे."

पंचांगाप्रमाणे खरंच बारा मिनिटं बाकी होती. बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "नाना, फांदीची वेळ मीच ठरवली होती. ब्रश तोंडात गेला म्हणून आता घड्याळाची कशी धरू?"

मी म्हणाले, चूक माझी आहे. हे मी मोठ्यानं म्हणाले असं मला वाटलं, पण कुणी ऐकल्याचं दिसलं नाही.

थोड्या वेळानं बाई म्हणाल्या की उद्या पारणं नाही, जोडून उद्याचाही उपवास. थेंबभर रंगाच्या पाण्यानं आजचा मोडला की अर्धा मोडला ते जळगावला साधुमहाराज सांगतील. शेंड्याची बाजू कोरी होती. ती उद्या संध्याकाळी.

नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळ मिळतं. तिथून भाऊंना फोन लावला. भाऊंचा आवाज बाईंच्या कानातून मलाही ऐकू येत होता. गाडी सकाळी आठला येते, डॉक्टरांना विचारलं का, वास्तूला पाहुणे कोण बघणार. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. एकवीस वर्षांत मी भाऊंशी जेवणाव्यतिरिक्त बोललेले नाही. भाऊ म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही तरी समजवा त्यांना. दोन उपवास झेपायचे नाहीत."

मी म्हणाले, "झाडाचा शेंडा राहिलाय. माझ्यामुळे राहिलाय. गाडी परवा पाठवा."

गाडी परवा, असं भाऊंनी तिकडे कुणालातरी सांगितलेलं ऐकू आलं. मग मला म्हणाले, बरं.

रविवार

बाई दिवसभर पडून होत्या. थंडी वाजत होती, म्हणून भुरीबाईंनी दोन गोधड्या घातल्या आणि उशाशी बसून राहिल्या. दुपारी बाईंना गरगरलं. मी पाणी दिलं आणि विचारलं की आता सोडायचा का. त्या म्हणाल्या, कशासाठी धरलाय ते तुला माहीत आहे ना, मग विचारू नको. मी उगाच चुलीची राख काढत बसले. चित्र गेलं तर भाभींचं लागेल, त्याचं एवढं नव्हतं. बाईंना काही झालं तर मी एका फांदीकडे बघितलं नाही म्हणून झालं, एवढंच मला सुचत होतं.

साडेचारला त्या नानांच्या खांद्याला धरून खुर्चीपर्यंत आल्या. पाणी पिऊन घेतलं. मला म्हणाल्या, "आज काढू नको."

"नाही काढत."

मी फांदीकडे बघत राहिले. डोळ्यांना पाणी आलं तरी बघत राहिले. उजेड आला, खोडावर चढला. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते, ब्रश पदरावर पुसत होत्या. पांढरा पदर तांबडा-पिवळा झाला. शेंड्याच्या फांद्या एकेक करून येत होत्या. दोन झाल्या, तीन झाल्या. चौथीसाठी त्यांनी ब्रश बुडवला. तेवढ्यात समोर शेंडा विझला.

"बाई, थांबा," मी म्हणाले. "गेला."

नाल्यापलीकडची शेळी मान वर करून बघायला लागली, एवढ्यानं म्हणाले.

बाईंचा हात हवेत थांबला. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला. चौथी फांदी राहिली ती राहिली. "पुरे आहे," त्या म्हणाल्या. नाना चित्राजवळ आले, खूप वेळ बघून म्हणाले की त्या फांदीला डिंक येत नाहीच. भुरीबाईंनी सकाळच्या पारण्यासाठी मुगाचं पाणी कसं करतात ते मला विचारून घेतलं.

नंतरचं

सोमवारी पारणं करून निघालो. मंगळवारी फ्रेम झाली. बुधवारी वास्तूला चित्र टेबलासमोर लागलं. भाभींनीच ते भिंतीवर सरळ केलं आणि म्हणाल्या, छान आहे, बर्फ नसून थंडी दिसते. त्यांचं बर्फाचं चित्र पाहुण्यांच्या खोलीत एसीच्या खाली लागलं. तिथं ते शोभतं.

बाई महाराजांकडे गेल्या तेव्हा माझा कागद मागून घेऊन गेल्या. किती अंधार झाला होता ते सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणाल्या. महाराजांनी कागद बघितला, थोडं प्रायश्चित्त दिलं आणि हे कुणी काढलं ते विचारलं. बाईंनी माझं नाव सांगितलं. हे मला भाभींकडून कळलं. मी बाहेर चपलांजवळ होते.

कागद बाईंनी परत दिला. तो मी स्वयंपाकघरात पिठाच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. त्या कपाटात कायम मावळलेलं असतं. हॉलमधल्या झाडावर मात्र शेंड्यापर्यंत उजेड आहे. तो उजेड बघत जेवायला बसलं की वेळ आहे असंच वाटतं, आणि बाईंचं आता तसंच होतं. म्हणून त्या रोज संध्याकाळी ताटावरून विचारतात, "सुमन, किती राहिलाय?"

मी गच्चीत जाऊन बघते आणि तिथूनच सांगते. खाली हॉलपर्यंत ऐकू जातं.